पहिली लिपी, दुसरी लिपी

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

नम्रताने सांगितलंय, प्रत्येक पेपरनंतर चार ओळी लिहून ठेवा, पुढच्या लेखनिकाला उपयोगी पडतात. चार ओळींत माझं भागत नाही. म्हणून चार ओळी तिला आणि बाकीचं या वहीत.

नम्रता अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देते. विद्यार्थी तोंडाने उत्तर सांगतो, लेखनिक कागदावर उतरवतो. अट एकच, लेखनिकाला त्या विषयातलं काही कळत असता कामा नये. तसं लिहून खाली सही करावी लागते. सातवी पास बाईला ही अट फार सोयीची. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, बँकिंग, इतक्या विषयांतलं माझं अज्ञान आतापर्यंत सहीनिशी नोंदलेलं आहे.

आज वाघोलीच्या कॉलेजात नाजिमाचा पेपर होता. जन्मापासून दिसत नाही, वय वीस, बोलणं चुरूचुरू. विषय संगणकाला हुकूम सोडायची भाषा, नाव पायथन, म्हणजे अजगर. साप डोळ्यांपुढे घेऊनच मी बसले. ती इंग्रजी शब्द सांगत होती, अडलं तर स्पेलिंग सांगत होती. मला इंग्रजी कळतं कमी, पण लिहिता येतं. आमच्या शाळेत पाचवीला इंग्रजीच्या चार लिपी घोटून घेत. छापील मोठी ती पहिली, छापील लहान ती दुसरी. तिसरी आणि चौथी जोडून लिहायची. गुरुजींनी सांगितलं होतं, ओळ सुरू होताना पहिली लिपी, विशेषनामाला पहिली लिपी. पोरीच्या ओळी अगदी तुटक होत्या, दोन-तीन शब्दांच्या. तरी प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मी नीट मोठं काढलं. पान कसं दिसत होतं म्हणून सांगू. तपासणाऱ्याला बरं वाटेल.

शेवटी ती म्हणाली, सगळं वाचून दाखवा. वाचलं. म्हणाली, अगदी बरोबर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पुन्हा नाजिमा. आज डेटाबेसचा पेपर, म्हणजे माहितीची कोठारं आणि त्यातून हवं ते मागायची भाषा. हीसुद्धा वेगळी भाषा आहे म्हणे. तशाच नेटक्या ओळी काढल्या. येताना बसमध्ये तिने मला हिरामावशी म्हणायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं, पण हरकतही नाही.

ती विश्रांतवाडीला राहते, मी येरवड्याला. बस एकच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काही विशेष नाही. पेपरवाला विचारत होता, एकट्या माणसाला रोज दोन पेपर कशाला, एक बंद करू का. म्हटलं राहू दे. सकाळी भाजी निवडताना मी मोठ्याने वाचते. आमचे हे, सीताराम, गेले त्याला दोन वर्षं झाली. साखरेने त्यांची नजर गेल्यावर चार वर्षं मी त्यांना दोन्ही पेपर पहिल्या पानापासून वाचून दाखवायचे, निविदांसकट. माझं वाचन तिथेच सुधारलं. आता मोठ्याने वाचायची सवय लागली आहे इतकंच, बाकी काही नाही. घेवडा लवकर निवडून होतो.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

काल कोरेगावला स्तंभाला जाऊन आले. पाय दुखतायत. वीस वर्षं आम्ही दोघं जायचो तेव्हा गर्दीत ते माझा दंड धरायचे, शेवटी शेवटी मी त्यांचा. काल दोन्ही हात मोकळे होते म्हणून पुस्तकं जास्त आणली.

शुक्रवार, ९ जानेवारी

नाजिमाचा फोन. निकाल लागला. डेटाबेसला सत्तरपैकी एकावन्न. पायथनमध्ये नापास, एकोणीस.

मला विश्वास बसेना. इतकं भराभर सांगत होती, कुठे अडली नाही. तिलाही कळत नाहीये. नुसत्या निकालाचं असतं तर एक वेळ ठीक होतं, पण खराडीच्या एका कंपनीने तिला निवडलंय. दोन मार्चला रुजू व्हायचं आहे, सहा महिने काम शिकायचं आणि मग कायम. अट अशी की एकही विषय मागे राहिलेला नको. फेरपरीक्षा सतरा फेब्रुवारीला. त्यात सुटली तर नोकरी, नाहीतर जागा दुसऱ्याला.

तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आहे. मी म्हटलं, बरं केलंस, तपासणारे काय वाट्टेल ते करतात.

बुधवार, २१ जानेवारी

झेरॉक्स आली. तिची मैत्रीण ऋचा वाचून दाखवायला बसली आणि पहिल्याच पानावर थांबली म्हणे. मग नाजिमाने मला फोन केला.

“मावशी, ओळीची सुरुवात तुम्ही कोणत्या अक्षराने करता?”

“मोठ्या. इंग्रजीत तसंच असतं.”

मग तिने हळूच सांगितलं. त्या भाषेत लहान आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळी अक्षरं. प्रिंट हा शब्द लहान अक्षरांत लिहिला तरच हुकूम, पहिलं अक्षर मोठं केलं की त्या नावाचं कुणी ओळखीचंच नाही. प्रत्येक ओळीला लाल गोल आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा तिला सगळं बरोबरच ऐकू आलं, कारण मोठा पी आणि लहान पी, दोन्ही कानाला पीच.

आणि डेटाबेस? मी विचारलं. त्यातही मी मोठीच काढली होती. म्हणाली, त्या भाषेला चालतं, ती असल्या गोष्टींकडे बघत नाही. ही चिडकी आहे.

म्हणजे तेच हात, तेच अक्षर, तीच मी. एकीकडे एकावन्न, दुसरीकडे एकोणीस.

नेटकं पान दिसावं म्हणून.

गुरुवार, २२ जानेवारी

नम्रताला फोन करून म्हटलं, माझं नाव यादीतून काढ. ती म्हणाली, तुमच्या जागी नाजिमाला कोण हवंय ते तिलाच विचारलं मी. तिने तुमचंच नाव सांगितलं. मी म्हटलं, तिला दिसत नाही, पण ऋचाने पान वाचून दाखवलं ना. नम्रता म्हणाली, तुम्हीच बोला तिच्याशी, मला अजून अकरा मुलांना लेखनिक शोधायचे आहेत.

शनिवार, २४ जानेवारी

विश्रांतवाडीला जाऊन आले. माफी मागायला म्हणून गेले आणि फेरपरीक्षेचा सराव ठरवून आले.

वडील हमीदभाई, शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी माझ्यापुढे स्टूल ठेवलं आणि एक शब्द न बोलता दुकानात गेले. त्यांचं बरोबर आहे. आई नूरबानूने चहा दिला, पण बिस्किटं दिली नाहीत. तिचंही बरोबर आहे.

मी नाजिमाला म्हटलं, दुसरं कुणी बघ. ती म्हणाली, “दुसरे मदत करतात, मावशी. वाक्य सुधारतात, मी असं म्हटलं असेन, तसं म्हटलं असेन असं धरून लिहितात. तुम्ही सांगितलं तेच लिहिता.”

तोंडावर बोलले नाही, पण मीही मदतच केली होती. तिने मोठं अक्षर सांगितलं नव्हतं. मला वाटलं म्हणून मी काढलं.

घरी आल्यावर एक आठवलं. लिहावं की नाही कळत नाही, पण वही माझीच आहे. शेवटच्या वर्षी यांचा किडनीसाठीचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी वाचायला सांगितला. आकडा जास्त म्हणजे वाईट, आणि चार पूर्णांक एक होतं. मी दोन पूर्णांक एक वाचलं. डॉक्टरांना खरा आकडा माहीत होता, औषधं खऱ्या आकड्याचीच चालू होती. फक्त ते सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांना चार दिवस बरं वाटावं, एवढंच. त्या आठवड्यात त्यांनी सांगलीच्या भावाला भेटायला जायचं पुढे ढकललं, आता तब्येत सुधारतेय, उन्हाळ्यात जाऊ म्हणाले. उन्हाळा आला, ते नव्हते.

रविवार, २५ जानेवारी

सराव सुरू. पहिला प्रयोग पूर्ण फसला. ती प्रत्येक नावाआधी ‘स्मॉल’ किंवा ‘कॅपिटल’ म्हणायची, मी सगळं लिहून काढलं आणि ऋचाने फोनवर फोटो बघून सांगितलं की संपूर्ण प्रोग्राममध्ये स्मॉल हा शब्द बावीस वेळा आलाय. इंग्रजीत सांगितलं की हात आपोआप इंग्रजी लिहितो.

मग मोठं-लहान करून बघितलं. ‘लहान’ घाईत ‘नान’ ऐकू येतं. तिथे मी दोनदा एन काढला.

मग मी म्हटलं, पहिली आणि दुसरी म्हण. तिने विचारलं ते काय. तिला चार लिपी माहीतच नव्हत्या. ती ब्रेलवर शिकली. ब्रेलमध्ये मोठं अक्षर वेगळं नसतंच म्हणे. अक्षराच्या आधी एक ठिपका येतो, की पुढचं मोठं समजा. म्हणजे वर्दी आधी, साहेब मागून. मला ती पद्धत जास्त आवडली.

पहिली-दुसरी जमलं. शब्दाआधी सांगायचं, आणि वाचून दाखवतानाही मी तसंच म्हणायचं. ‘दुसरी, टोटल.’ ‘पहिली, टोटल.’ आता कानाला फरक कळतो.

तिने विचारलं, मराठीत असं काही नाही का. म्हटलं, मोठी-लहान अक्षरं नाहीत. नाव मंत्र्याचं लिही की माझं, उंची एकच. आपल्याकडे मोठं-लहान माणसांत ठेवलं, त्यांनी अक्षरांत ठेवलं. पण वेलांट्या आहेत. शिर आणि शीर. पहिली दिली तर डोकं, दुसरी दिली तर नस. बोलताना दोन्ही सारखंच. ती म्हणाली, मग मराठीही चिडकी आहे. म्हटलं, चिडकी आहे, पण नापास करत नाही, नुसती हसते.

गुरुवार, २९ जानेवारी

नूरबानू म्हणाली, शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे पहिली-दुसरीची शिकवणी सुरू झाली का, फी काय घेतात. आज चहाबरोबर खारी मिळाली.

हमीदभाई अजून बोलत नाहीत.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मंडईत आवळे घ्यायला गेले होते. तिथून चालत जुन्या पुस्तकांकडे गेले आणि संगणकाच्या भाषेवरचं एक मराठी पुस्तक मिळालं, पायथनचंच, मुखपृष्ठ नसलेलं. नुसतं चाळायचं म्हणून घेतलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

चार धडे झाले. नुसतं चाळणं राहिलं नाही.

यात ‘चल’ म्हणून एक असतो. मला तो डब्यासारखा कळला. डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि आत काहीतरी ठेवायचं. पुढे नाव घेतलं की आतलं मिळतं. चिठ्ठी पहिल्या लिपीत लावली आणि मागताना दुसऱ्या लिपीत मागितलं तर भाषा म्हणते, असा डबा नाही. डबा समोर असतो, तरी नाही म्हणते. मला आधी राग आला. मग वाटलं, अंदाजाने उचलून देत नाही हे एका परीने बरं. मीठ मागितलं तर साखर तरी येणार नाही.

आता नाजिमा सांगते त्यातलं निम्मं मला कळतं. आज सरावात तिने एका ठिकाणी वर दुसरी आणि खाली पहिली सांगितलं, ती खरोखरच चूक होती. माझ्या तोंडून ‘अगं’ निघालं. ती हसली. म्हणाली, परीक्षेत असं ‘अगं’ चालणार नाही, मावशी.

मंगळवार, १० फेब्रुवारी

‘अगं’ डोक्यातून जाईना. सतराला पुन्हा तो कागद पुढे येणार, मला या विषयाचं ज्ञान नाही, खाली सही. आणि माझ्या पिशवीत पुस्तक, त्यात चौथ्या धड्यात खूण.

आज मुद्दाम कॉलेजात गेले. परीक्षा विभागात संजय काळोखे म्हणून आहेत, खिडकीच्या आत बसतात आणि खिडकी शक्यतो उघडत नाहीत. सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“चार धडे?”

“हो.”

“आमची मुलं तीन वर्षं शिकतात, बाई. तरी आम्ही त्याला ज्ञान म्हणत नाही. सही करा, जा.”

खिडकी बंद. बरं वाटायला हवं होतं, तसं फारसं वाटलं नाही. पुस्तक कपाटावर ठेवलं, वरच्या बाजूला, स्टूल लागेल असं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

परीक्षा झाली. आत्ता संध्याकाळ आहे, सगळं सविस्तर लिहिते.

वेगळी खोली, आम्ही दोघी आणि एक पर्यवेक्षक. त्यांनी मोबाइलमध्ये जे डोकं घातलं ते घंटा झाल्यावर वर काढलं. मी प्रश्नपत्रिका वाचली. पहिला प्रश्न सुरळीत. पहिली, दुसरी, पहिली. हात छान चालत होता.

तिसरा प्रश्न वीस गुणांचा. पुस्तकांची माहिती ठेवणारा प्रोग्राम लिहा. हा गेला तर सगळंच गेलं. तिने सुरुवात केली, दुसरी क्लास, पहिली बुक. मी मोठा बी काढला. मग दहा-बारा ओळी झाल्या आणि एका ओळीत म्हणाली, “दुसरी बुक, बरोबरचं चिन्ह, पहिली बुक, कंस उघडा, कंस बंद.” पुढच्या ओळीत पुन्हा दुसरी बुक. त्याच्या पुढच्या ओळीतही.

माझं पेन लिहीत होतं आणि मन ओरडत होतं. वर पहिलीत सांगितलंस ना. चिठ्ठी पहिलीत आणि मागतेस दुसरीत. एकाच ओळीत एकदा असं, एकदा तसं. नक्की चुकून बोलली, घाईत आहे.

आता बी हे अक्षर बघा. लहान बीला वरच्या बाजूला एक पोट काढलं की मोठा बी होतो. खाडाखोड नाही, डाग नाही. तीन जागा. पर्यवेक्षक मोबाइलमध्ये. ज्या पोरीची नोकरी माझ्या मोठ्या अक्षरांनी अडवली, तिची तीन मोठ्या अक्षरांनी सुटेल. कुणाला कधी कळणार नाही. तिला तर नाहीच.

पेन मी टेबलावर ठेवलं. हातात असतं तर काढलं असतं.

तिने विचारलं, “थांबलात का?”

म्हटलं, “सांग पुढे.”

संपल्यावर म्हणाली, तिसरा प्रश्न वाचून दाखवा. ही एक संधी होती. त्या जागी नुसती थांबले असते, किंवा ‘दुसरी’ जरा जोरात म्हटलं असतं, तरी ती पोर ओळखती. निविदा वाचायचे तसं वाचलं. दुसरी बुक, पहिली बुक, दुसरी बुक. सगळं एका सुरात. ती ऐकत होती, बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत होती. म्हणाली, बरोबर, चौथा प्रश्न घ्या.

सुटल्यावर बसथांब्यावर माझ्याच्याने राहवेना. पेपर आत गेला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

“तिसऱ्यात चुकलीस तू. बुक वर पहिलीत सांगितलंस, खाली तीन ठिकाणी दुसरीत.”

तिचा चेहरा एकदम उतरला. “आणि तुम्ही काय लिहिलं?”

“तू सांगितलंस तेच.”

“तिन्ही ठिकाणी दुसरी?”

“तिन्ही ठिकाणी.”

तिने माझा हात चाचपून घट्ट धरला आणि हसत सुटली. थांब्यावरची माणसं बघायला लागली. मग श्वास घेऊन म्हणाली, “चूक नाही ती. मुद्दाम ठेवतात तसं. पहिलीतलं बुक म्हणजे पुस्तक कसं असतं ते. दुसरीतलं म्हणजे हातातलं हे एक पुस्तक. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मावशी. तुम्ही दोन्ही एकच केली असती तर वीसचे वीस गेले असते.”

माझ्या पुस्तकात हे पुढच्या, पाचव्या धड्यात असणार म्हणे.

मला दरदरून घाम आला. फेब्रुवारीत. बस आली तेव्हा तिने मला चढवलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सुटली. सत्तरपैकी सत्तावन्न. सोमवारी खराडीला रुजू.

हमीदभाईंनी स्वतः फोन केला. म्हणाले, हिराबाई, तुमच्याकडे शिवणयंत्र आहे का. म्हटलं, आहे, सासूबाईंचं, बारा वर्षं बंद पडलंय. म्हणाले, उद्या येतो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

यंत्र चालू झालं. हमीदभाई दीड तास बसले, चार वाक्यं बोलले, त्यातली तीन तेलाबद्दल. चौथं असं की पोरगी घरात सगळ्यांना पहिली-दुसरी म्हणत फिरते.

दुपारी वाघोलीला गेले. नाजिमाच्या मागच्या वर्गात एक मुलगा आहे, त्यालाही दिसत नाही. एप्रिलमध्ये त्याचा हाच पेपर आहे आणि नम्रताने माझं नाव कळवून ठेवलं होतं. काळोखे सरांनी खिडकी उघडली आणि तोच कागद पुढे सरकवला. मी परत सरकवला. म्हटलं, या विषयाच्या कागदावर आता सही करणार नाही. दुसरे विषय द्या, इतिहास द्या, अर्थशास्त्र द्या, जे असेल ते लिहीन.

“का? पाचवा धडा झाला का?”

“नाही. पुस्तक कपाटावरून काढलंय फक्त.”

“मग तुम्हाला असं कितीसं कळतं, बाई?”

“मदत करावीशी वाटेल इतकं.”

त्यांनी कागद घेतला, माझं नाव खोडलं आणि इतिहासाच्या यादीत लिहिलं.